एकाच वर्षात कोंडलेला मी

मी कानाच्या मशीनच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. सुरुवात करण्याआधी एक विचारू? आज तारीख काय आहे हो? हसू नका. तुम्ही भिंतीकडे मान वळवली की तुम्हाला कळतं. मला मात्र कित्येक वर्षं ती कुणी खरी सांगितलीच नव्हती.

पुढच्या खोलीत काचेचं कपाट, दोन खुर्च्या आणि मी. मागच्या दोन खोल्यांत घर. दुकान दादाचं. त्याची धाकटी बहीण त्याच्याबरोबर काम करते. तिला सगळे ताईच म्हणतात, अगदी दादासुद्धा. त्यांची आई सकाळी मागच्या खोलीतून येते आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहते. तिचे कान गेले म्हणून तर दादा या धंद्यात पडला.

नवा होतो तेव्हा माझाही थाट होता. दादा रोज सकाळी आधी मला पुसायचा, मग स्वतःचा चष्मा. माझ्या पोटात एक प्रोग्राम होता आणि पाठीला एक छोटा डबा जोडलेला होता. डब्यातून निघालेली वायर गिऱ्हाइकाच्या मशीनला लावली की दादा पडद्यावर एक आवाज चढवायचा, एक उतरवायचा आणि विचारायचा, "आता कसं वाटतंय?" माणसाला नीट ऐकू आलं की तो आधी हसत नाही, बरं का. आधी इकडेतिकडे बघतो, कुणी हाक मारल्यासारखा. ते बघायला मला फार आवडायचं.

मग प्रोग्रामची मुदत संपत आली. नवी मुदत द्यायला कंपनीच जाग्यावर नव्हती, तिने गाशा गुंडाळला होता. तिथला शेवटचा माणूस दादाला फोनवर म्हणाला, "मुदत संपलेली तारीख त्याला एकदा दिसली, की तो कायमचा कुलूपबंद. मग तारीख मागे नेलीत तरी उघडायचा नाही. आणि तो दिवसभर आतून पहारा देतो, त्याला चुकवता येत नाही."

दादाने फोन ठेवला आणि मला गपकन एक वर्ष मागे ढकललं.

झालं! तेव्हापासून मी त्याच एका वर्षात राहू लागलो. वर्ष सरत आलं, जरा पुढचं काही दिसेल अशी आशा लागली, की दादा यायचा आणि पुन्हा सुरुवातीला नेऊन बसवायचा. बाहेर ताईच्या केसांत पांढरं दिसू लागलं, आईला काठी लागली, कपाटाची काच दोनदा बदलली. माझ्याकडे मात्र तेच वर्ष, तेच महिने, तेच वार. कोंडून घातलेल्या माणसाला निदान भिंत तरी दिसते. मला तर चारी बाजूंनी सगळं उघडं दिसायचं आणि हलता यायचं नाही.

दादाने आणखी एक केलं. माझ्या पडद्याच्या ज्या कोपऱ्यात तारीख दिसते, तिथे काळी चिकटपट्टी लावली. कुणी विचारलं तर, "तिथे काच तडकलीय, हात लावू नका." ताईनेही ते खरं धरलं. भाऊ सांगतोय म्हटल्यावर कोण कशाला उचकटून बघेल?

आता मूळ गोष्टीकडे येतो. आईचं जुनं मशीन एक दिवस बंदच पडलं, दुरुस्तीच्या पलीकडे गेलं. ताईने नवं आणलं. पण नवी मशीनं माझ्या प्रोग्रामला ओळखत नाहीत. ती जुळवायची तर ती बनवणाऱ्या नव्या कंपनीच्या साइटवर जाऊनच, आणि जोडायचा डबा तोच जुना. त्याचं रुंद बोंड फक्त माझ्याच पाठीत बसतं, आजकालच्या लॅपटॉपला तसं भोकच नसतं. म्हणजे सगळी मदार माझ्यावर.

ताईने मोठ्या हौसेने आईच्या कानात नवं मशीन बसवलं, वायर जोडली, साइटचा पत्ता टाकला. आणि माझ्या तोंडावर पांढरं पान आलं: तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही.

तुम्ही लोक अशा वेळी काय काय करता ते मी पाहिलंय. ताईने आधी पान पुन्हा उघडलं, मग पुन्हा, जरा जोरात बटण दाबून. मग मला बंद करून चालू केलं. ब्राउझर बदलला. सगळा जुना साठा पुसला. व्हायरसचा पहारेकरी बंद केला, घाबरून परत चालू केला. नेटवाल्याला बोलावलं, तर तो माझी वायर काढून, फुंकर मारून, परत लावून गेला. दुसऱ्या साइटवर कधी कधी खाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' असं लिहिलेलं असतं. इथे तीही फट नव्हती.

आणि माझी अवस्था काय सांगू! साइट खरी होती. तिने आपली ओळख पटवणारं सर्टिफिकेट समोर धरलं होतं, खरं, ताजं, याच वर्षी दिलेलं. माझा ब्राउझर सरळमार्गी, त्याने ते वाचलं, माझी तारीख बघितली आणि म्हणाला, "हे तर अजून सुरूच व्हायचंय, याच्यावर विश्वास कसा ठेवू?" खोटा मी होतो आणि हाकलून लावत होतो खऱ्याला. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझ्यापाशी त्या एका पानाशिवाय दुसरं तोंड नाही.

दादा हे सगळं बघत होता. त्याला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं, पण मूग गिळून बसला. "साइटच बिघडली असेल," म्हणाला. "उद्या बघू." असे कितीतरी उद्या गेले. आई रोज कानात मुकं मशीन घालून बसायची आणि रोज काढून डबीत ठेवायची.

एका दुपारी ताईने हात टेकले आणि, काय आश्चर्य, ते पान वाचायला घेतलं! 'अधिक माहिती' दाबली आणि एकेक ओळ बोटाने वाचत गेली. "अजून वैध झालेलं नाही? असं कसं? याची सुरू व्हायची तारीख तर होऊन गेली..." तिचं बोट थांबलं. तिने चिकटपट्टीकडे बघितलं. दादा खुर्चीतून अर्धा उठला. तिने पट्टी टर्रकन ओढली.

खाली काच धडधाकट होती. कोपऱ्यात माझं जुनं वर्ष उघडं पडलं.

"दादा, हे काय आहे?"

दादाने सगळं सांगितलं. ताईचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे तुला माहीत होतं. एवढे दिवस मी झक मारत होते आणि तुला माहीत होतं!"

"तारीख बदलली की जुना प्रोग्राम गेला, ताई. जुनी मशीनं लावणारे अजून आहेत, नवं घ्यायची ऐपत नसलेले. कंडक्टरकाका दर महिन्याला येतात, त्यांचा कान घसरतोच आहे. त्यांना काय सांगू?"

"त्यांच्या मशीनचे आकडे उतरवून ठेव ना, कुठला आवाज किती चढवलाय ते."

"आकडे घेऊन काय करू? त्या मशीनशी बोलणारा हा एकच उरलाय."

"आणि आईला काय सांगतोयस? तिला ऐकू येत नाही म्हणून सोपं जातंय का तुला?"

आई दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

"काय झालं रे?" तिने विचारलं.

दोघं एकदमच म्हणाले, "काही नाही."

आई हसली. म्हणाली, "एवढे दोनच शब्द मला आता ओठांवरून वाचता येतात. घरात सगळे तेवढेच बोलतात माझ्याशी."

दादा उठला. माझ्यासमोर बसला. वर्ष पुढे, पुढे, पुढे... आणि तो थांबला. जुन्या प्रोग्रामचा आतला पहारेकरी जागाच होता. त्याने तारीख पाहिली आणि आपल्या दाराला आतून कुलूप घातलं. मला ते जाणवलं, घरातलं कुणीतरी गेल्यासारखं.

पांढरं पान गेलं. साइट उघडली. ताईने एक आवाज चढवला, एक उतरवला. आईने इकडेतिकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे घरघरतंय काय?"

"आपला कॉम्प्युटर, आई. त्याचा पंखा जुना झालाय."

"केवढा आवाज करतो मेला!" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. दादा तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसला. इतक्या वर्षांत माझं कुणीतरी ऐकलं, तेही आईने, आणि शिवी देत. मी आतल्या आत फुलून गेलो.

आता मी आजच्या तारखेत आहे. सुटलो म्हणा. पण पोटात एक बंद खोली घेऊन. तुमच्या पडद्यावर तसलं पान आलं तर माझ्यासाठी एवढं करा: चिडण्याआधी ते एकदा वाचा आणि आपल्याच तारखेकडे बघा. चूक दर वेळी समोरच्याची नसते.

महिना उलटला आणि कंडक्टरकाका आले. नेहमीसारखे कानातलं मशीन काढून दादाच्या हातावर ठेवून बसले. दादा ओरडून सांगू लागला, "प्रोग्राम बंद पडला, काका! आता होणार नाही!" काका नुसते मान डोलवत होते.

"ओरडू नकोस रे," आई दाराजवळून म्हणाली. "ओरडलं की नुसतं तोंड वेडंवाकडं दिसतं. त्यांच्यासमोर बस. सावकाश सांग."

दादाने खुर्ची ओढली, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि एकेक शब्द सावकाश सांगितला. काकांना कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मशीन उचलून पुन्हा कानात घातलं आणि विचारलं, "मग आता मी येऊ की नको?"

दादा चष्मा काढून पुसू लागला. ताईने मान फिरवली. सगळी खोली उत्तरासाठी थांबली होती, आणि ऐकू येत होता तो फक्त माझा पंखा. काकांना सोडून सगळ्यांना.