चाकाला लावलेली चरबी

डोंगरातल्या अत-बाशी गावच्या शाळेत मी मुलांना हस्तकाम शिकवतो. करवत कशी धरायची, खिळा सरळ कसा ठोकायचा, हे सांगण्यात सत्तावीस वर्षं गेली. त्यातून डोक्यात एक घमेंड शिरली, की गावात लाकडा-लोखंडाचं काम माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. ही घमेंड शाळेपुरती राहिली असती तर काही बिघडलं नसतं.

माझे जेझ्दे ओमुरकुल, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गुरांचे डॉक्टर आहेत. वय एकसष्ट. उन्हाळ्यात मेंढपाळ वरच्या कुरणांत गेले की जेझ्दे मोटरसायकलच्या मागे औषधांची पेटी बांधून तंबूतंबूतून हिंडतात. वाट सगळी दगडांची, त्यामुळे वर्षातून दोनदा अंगणात बसून टायर बदलावा लागतो. त्यासाठी त्यांच्याकडे कड उचकटायचे तीन चपटे दांडे होते. आमच्या वडिलांनी ते ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून ठोकून काढले आणि लग्नात जावयाच्या हातात ठेवले. दुसऱ्या कुणा सासऱ्याने जावयाच्या खांद्यावर मखमली झगा घातला असता, हे एजे, म्हणजे माझी ही थोरली बहीण, अजून ऐकवते.

जूनमध्ये मागचा टायर पार गुळगुळीत झाला. मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. जेझ्दे ते दांडे फडक्याने पुसत बसले होते, ते बघून मला राहवलं नाही.

"आता हे संग्रहालयात द्या, जेझ्दे. या वेळी मी बाजारातून नीट अवजारं निवडून आणतो आणि टायरही मीच बसवतो."

"अरे, या दांड्यांनी तीस वर्षांत एक ट्यूब चिमटली नाही."

"तीस वर्षं तुम्ही कष्ट उपसलेत. अवजार बरोबर असलं की जोर लागत नाही."

एजे माझ्या वाटीत चहा ओतत होती. आमच्याकडे पाहुण्याला अर्धीच वाटी देतात, म्हणजे परत परत ओतता येतं आणि माणूस बसून राहतो. काठोकाठ भरून दिली की समजायचं, पी आणि ऊठ. "एसेन," ती म्हणाली, "अजून शेखी मिरवलीस तर भरून देईन हं." आम्ही तिघंही हसलो.

रविवारी बाजारात गेलो. अवजारांचं दुकान बातमा नावाच्या बाईचं आहे. तिने पुढ्यात सगळं मांडलं. वीतभर लांबीचे दांडे, हातभर लांबीचे दांडे, रिमवर ओरखडे पडू नयेत म्हणून घालायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या, टायरची चिकटलेली कड सोडवायचा शिकंजा, व्हॉल्व्हची पिन काढायची छोटी किल्ली. मी हातभर लांबीचे दांडे उचलले. चकचकीत होते.

"मास्तर, ट्रॅक्टरचं चाक काढायचंय का? मोटरसायकलला छोटे घ्या. लांब दांड्याने जोर किती लागतोय ते हाताला कळत नाही."

"बातमा, तू विकायचं काम कर. शिकवायचं मी करतो."

"बरं बाबा." तिने एक गोल डबी पुढे सरकवली. "निदान हे तरी न्या. कडेला लावायचं. नको असेल तर साबणाचं पाणी करा. पण लोणी, चरबी असलं काही लावू नका, टायर रिमवर फिरतो."

"कळतं मला," मी म्हणालो आणि डबी परत सरकवली. ते मला खरोखरच कळत होतं. सांगायची लाज वाटते, पण आठवीच्या मुलांना मी हे फळ्यावर लिहून दिलंय.

त्या संध्याकाळी जुना टायर शिकंज्यात धरून मिनिटात सोडवला. जेझ्दे शेजारी स्टुलावर बसून मान डोलवत होते. नवी ट्यूब घालून नवा टायर चढवायला घेतला आणि शेवटची वीतभर कड काही आत जाईना. लांब दांडा सटकायचा, माझी बोटं सोलवटायची. घामाने चष्मा घसरत होता.

"साबणाचं पाणी करून आणू का?" जेझ्देंनी विचारलं. "की माझे दांडे देऊ?"

"काही नको. होतंय."

तेवढ्यात वरच्या कुरणातून कुणाचा तरी फोन आला आणि जेझ्दे बोलत बोलत आत गेले. ओट्यावर वाटीत मेंढीच्या शेपटीची चरबी होती, एजेने रात्रीच्या भातासाठी चिरून ठेवलेली. मी तुकडा उचलला आणि कडेवर सगळीकडून चोळला. टायर गपकन आत बसला. जेझ्दे बाहेर आले तेव्हा मी पंप मारत होतो.

"बसला की रे!"

"सांगितलं नव्हतं?" मी म्हणालो. "सगळा खेळ अवजारांचा."

नवव्या दिवशी जेझ्दे खिंडीच्या उतारावर पडले. ब्रेक दाबला आणि मागच्या चाकातली हवा एकदम गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं. चार तास ते दगडांत पडून होते, मग एका घोडेस्वाराला दिसले.

गाडी ट्रकमधून माझ्याच अंगणात आली, कारण दुरुस्ती करणारा मीच. दार लावून घेऊन मी चाक उघडलं. उतारावर ब्रेक दाबून दाबून चाक तापलं होतं, चरबी वितळून कडेला सगळीकडे पसरली होती, टायर रिमवर फिरला होता आणि सोबत ट्यूब ओढली गेली होती. व्हॉल्व्ह मुळापाशी फाटून तिरका झाला होता. आणि मग मी काय केलं? रॉकेलचा बोळा घेऊन सगळी रिम पुसून लखलखीत केली. ट्यूब चुलीत घातली. नवी ट्यूब साबणाच्या पाण्याने, नीट, वीतभर दांड्यांनी बसवली. ते छोटे दांडे मी बातमाकडून गुपचूप आणले होते. पैसे देताना मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

जेझ्देंना भेटायला गेलो तो सांगायचं ठरवूनच. पण ते आधी बोलले.

"चूक माझीच, एसेन. हात थरथरला असणार. ब्रेक जास्त दाबला गेला. आता वय झालं."

"ट्यूब... ट्यूब खराब निघाली असेल," मी म्हणालो.

"नवी ट्यूब, तू बसवलेली. नाही रे, हात."

त्या वेळी बोलायला हवं होतं. मग दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात. जितके दिवस गेले तितकं सांगणं जड झालं. मी त्यांच्याकडे कमी जाऊ लागलो आणि गेलो की गाडीचा विषय टाळू लागलो. मनातल्या मनात म्हणायचो, बरं आहे, या वयात नाहीतरी गाडी सोडायलाच हवी होती. असा विचार करणारा माणूस मला माझ्या शाळेत शिपाई म्हणूनही चालला नसता.

महिन्याने एजेचा निरोप आला. जेझ्दे गाडी विकतायत. कुरणातल्या लोकांनाही त्यांनी कळवलंय, दुसरा डॉक्टर बघा. घेणारा आलाय, तूही ये, गाडीची माहिती तुला जास्त.

अंगणात जोलचू नावाचा शेजारच्या गावचा मेंढपाळ टायरला लाथ मारून बघत होता. जेझ्दे चटईवर बसले होते. हाताची झोळी निघाली होती, पण वाटी ते दोन्ही हातांनी धरत होते, अगदी जपून, आणि पिताना बोटांकडे बघत होते.

"चाक बिनधास्त घे," ते जोलचूला म्हणाले. "या मास्तरने बसवलंय. पडलो तो माझ्या हातांमुळे." मग त्यांनी फडक्यात गुंडाळलेली जुडी पुढे केली. वडिलांचे तीन दांडे. "हेही ने. मला आता कशाला लागतायत?"

जोलचूने हात पुढे केला.

"थांबा," मी म्हणालो. "जेझ्दे, मी टायरला चरबी लावली होती. तुम्ही फोनवर होतात तेव्हा. टायर फिरला त्यानेच. आणि मग मी ती पुसून टाकली."

जोलचूने हात मागे घेतला. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. निदान शिव्या तरी द्याव्यात, असं फार वाटत होतं.

"म्हणजे," जेझ्दे हळूच म्हणाले, "माझा हात थरथरला नव्हता?"

"नाही."

"ब्रेक बरोबर दाबला होता?"

"अगदी बरोबर. दुसरा कुणी असता तर दरीत गेला असता."

त्यांनी वाटी खाली ठेवली. दोन्ही तळवे समोर धरून बराच वेळ बघत राहिले, मग एका हाताने वाटी उचलली. ती हलली नाही.

"महिनाभर मी रात्री जेवताना चमचासुद्धा बघून धरतोय, एसेन," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "जोलचू, राग मानू नकोस. गाडी विकायची नाही." आणि ते तीन दांडे परत फडक्यात गुंडाळू लागले.

जोलचू निघून गेला. मी जागेवर तसाच होतो. जेझ्दे म्हणाले, "बस. चहा घे." मी बसलो.

एजे इतका वेळ किटली हातात घेऊन उभी होती. तिने माझ्यापुढे वाटी ठेवली आणि ओतायला लागली. अर्धी झाली, ती थांबली नाही. चहा काठाला लागला, थोडा चटईवर सांडला, मग तिने किटली उचलली.

जेझ्दे फडक्याची गाठ बांधत राहिले. मी वाटी दोन्ही हातांनी धरली, चटके बसत होते तरी एका दमात प्यायली, आणि उठलो.