तेरावं चित्र

मी एक जुना डबा आहे, असं या संग्रहालयात माझ्यासमोरच्या पाटीवर लिहिलंय. मित्रांनो, डबा असतो पिठाचा! मी फिरकी आहे, चित्रं चालवणारी फिरकी. ज्याने ती पाटी लिहिली, त्याच्यावर माझा भयंकर राग आहे, आणि तो गिळून बसायचा माझा स्वभाव नाही.

माझ्या पत्र्याच्या अंगाला बारा उभ्या फटी आहेत. आत चित्रांची पट्टी गोल बसवायची, मला गरगर फिरवायचं आणि फटींतून पलीकडे बघायचं. फट आली की चित्र दिसतं, पत्रा आला की अंधार. पण आधीचं चित्र डोळ्यांत क्षणभर रेंगाळतं. तेवढ्यात पुढचं येतं आणि तुमचे डोळे दोन्ही जोडून टाकतात. झालं, चित्र चालायला लागलं! माझ्याआधी दोरीवर फिरणारी चकती होती. तिच्या एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा. फिरवली की पक्षी पिंजऱ्यात. ती माझी थोरली बहीण. आमच्यासारख्यांच्या जिवावर पुढे सिनेमा उभा राहिला. त्याला तुम्ही डोक्यावर घेतलंत.

मला घडवलं एका पत्राकाम करणाऱ्याने, बादल्या आणि नरसाळी करून उरलेल्या पत्र्यातून. त्याची पाच वर्षांची मुलगी ठमी तापाने महिनाभर अंथरुणाला खिळली होती. तिची आई धुलाईखान्यात कामाला. सकाळी आई दाराबाहेर पडली की ठमी जी भोकाड पसरायची, ती आई परत येईपर्यंत.

"अगं, संध्याकाळी येतेच ना ती!" बाप सांगून सांगून थकला. मग त्याने चित्रं काढली. हातात बोचकं घेऊन निघालेली आई. फटी बारा, पण चित्रं तेरा. त्यातच सगळी खुबी होती. बाराला बारा असती तर आई जागच्या जागी पाय हलवत राहिली असती. एक चित्र जास्त, म्हणून ती पुढे सरकायची, कडेला दिसेनाशी व्हायची आणि तेवढ्यात दुसऱ्या कडेने आई यायची. शिवाय तेराव्या चित्रात तिने मान वळवून मागे पाहिलं होतं.

"गेली... बघितलं माझ्याकडे! आली!" ठमी टाळ्या पिटायची. तिसऱ्या दिवशी आई कामाला निघाली, तेव्हा ठमी रडली नाही. अख्ख्या गल्लीने माझं कौतुक केलं.

मग गल्लीच्या टोकाला सिनेमा आला आणि मला कोण विचारतो? माझ्यात कपड्यांचे चिमटे पडले. पन्नास वर्षं चिमटे, मित्रांनो! पण ठमीने पट्टी जपली होती, कपाटात, कापडात गुंडाळून. आईचा फोटो घरात एकही नव्हता. होती ती ही तेरा चित्रं.

माझा दांडा गंजला, तेव्हा सत्तरीच्या ठमीने मला पट्टीसकट या संग्रहालयात आणलं. दुरुस्ती करणारे साहेब म्हणाले, "आजी, निर्धास्त राहा. नव्यासारखी करून देतो."

केली की! दांडा बसवला, तेलपाणी केलं. मग पट्टी मोजली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बारा फटी आणि तेरा चित्रं? शिकलेला नसणार बिचारा. आणि या एकात मान उलटी काढलीय." अहो, विचारायचं तरी! ठमीचा पत्ता समोरच्या वहीत होता. पण नाही. त्यांनी पट्टीची चित्रं सुटी केली, बारा चित्रं एकेका फटीच्या मापाने नव्या कागदावर चिकटवली आणि तेरावं टोपलीत टाकलं. मला ओरडता येत नाही, नाहीतर छप्पर उडालं असतं.

ठमी आली. तिने मला फिरवलं आणि फटीला डोळा लावला.

"ही जात का नाहीये?"

"आता कशी स्थिर दिसते बघा, आजी. वडिलांची चूक दुरुस्त केली."

"चूक?" ठमीचा आवाज चढला. "माझी आई जायची आणि परत यायची! जाताना माझ्याकडे बघायची! तुम्ही तिला एका जागी पाय आपटत ठेवलंत. कुठंय माझं चित्र?"

साहेबांचा चेहरा पडला. टोपली आठवड्यापूर्वीच रिकामी झाली होती. "माझं चुकलं, आजी," ते पुटपुटले. चित्र काही त्याने परत येणार नव्हतं.

ठमी रडली नाही. तिने साहेबांची पेन्सिल हिसकावली, कागद मागवला आणि तेरा सारख्या घरांची पट्टी त्यांच्याकडूनच आखून घेतली. बारा चित्रं त्यावर लावली. शेवटच्या घरासाठी हात धुण्याच्या जागी लावलेल्या आरशासमोर ती उभी राहिली. मान वळवून स्वतःकडे पाहिलं, काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. दुपार त्यात गेली. साहेब गुपचूप खोडरबर धरून उभे होते.

मग तिने मला फिरवलं. आई निघाली, पुढे सरकली आणि ठमीच्या चेहऱ्याने मागे वळून पाहिलं.

"आली," ठमी म्हणाली.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही, आणि मला तो घालवायचाही नाही. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्या माणसाला विचारा. ते माणूस आहे तोवर विचारा. आणि इथून जाताना त्या साहेबांना सांगा, त्यांनी लिहिलेली 'जुना डबा' ही पाटी अजून बदललेली नाही.