कूलरच्या पोटातला दगडू

मी एक जुना कूलर आहे, आणि मी चिडलेलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, असा तुमचा अनुभव असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. पाण्याचे नाव काढले तरी आता माझे डोके फिरते. का, ते ऐका.

माझा जन्म संभाजीनगरच्या शहागंजातल्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. जाड पत्रा कापून, ठोकून मला उभे केले. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, पुढे पंखा, पोटात पाण्याची टाकी आणि टाकीच्या तळाला डांबराचा लेप. विकताना दुकानदाराने माझ्यात बादल्यांनी पाणी ओतून दाखवले. एक थेंब खाली आला नाही. "गळला तर आणून माझ्या डोक्यात घाला," असे तो छाती ठोकून म्हणाला. तेव्हापासून न गळणे हीच माझी इज्जत होती.

मला विकत घेतले तात्यासाहेबांनी. शेती पिशोरला, घर हर्सूलला, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुत्री उठून उभी राहत. मुलगा शिवराज वाळूजच्या कंपनीत जाई. सून मोनिका घरीच कपडे शिवत असे. त्यांची मुलगी श्रेया माझ्यासमोर पसरून मोठी झाली. मे महिन्यात तापल्या दुपारी सगळे घर माझ्यापुढे चटई टाकून पडायचे. "आपल्या कूलरसारखी हवा एसीला नाय," असे तात्यासाहेब पाहुण्यांना सांगायचे. मी फुगून जायचो आणि आणखी जोरात घरघर करायचो.

पण पावसाळा लागला की मी कोण? मला गच्चीवर ढकलायचे आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा फाटका फ्लेक्स अंगावर टाकायचा. पोटात उरलेले पाणी काढण्याचे कष्टही कोणी घेत नसे. त्याने तळ गंजला, भोक पडले. तात्यासाहेबांनी त्यावर डांबराचे ठिगळ लावले आणि वेळ मारून नेली. मग घरात खरोखरच एसी आला. मी गच्चीवरच राहिलो. तेही मी गिळले असते. वस्तू जुनी झाली की बाजूला पडते, हे मला समजते.

दिवाळीनंतर तात्यासाहेब गावाहून एक कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत कासव होते. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, आणि डोके पार आत ओढलेले. शेताच्या बांधावर, निवडुंगाच्या बुडाशी ते खुशाल चरत होते. तिथून त्याला उचलले. कशासाठी? शिवराजची बदली पुण्याला होणार, अशी कुजबुज कंपनीत सुरू झाली होती. मुलगा, सून, नात, सगळे निघून जातील या भीतीने म्हाताऱ्याची झोप उडाली होती. उत्तर दिशेला जिवंत कासव ठेवले की घरात बरकत राहते आणि घरचे माणूस घर सोडत नाही, असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवले. ती भीती मला कळते. पण भीती तात्यासाहेबांची आणि भोगणार कासव, हा कुठला न्याय?

श्रेयाने त्याचे नाव दगडू ठेवले, कारण हाक मारली की तो दगड व्हायचा. मेथीचा पाला, दुधी, जास्वंदाची फुले देऊन तिने त्याला हळूहळू डोके बाहेर काढायला शिकवले. तिच्या पावलांचा आवाज आला की तो मान लांब करून बघायचा.

आता उत्तरेची गंमत ऐका. आमच्या घराची उत्तर बाजू म्हणजे घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली बोळी. हिवाळ्यात तिथे उन्हाची तिरीपसुद्धा पोचत नाही. फरशी सकाळी पायाला डसते. दगडूला ठेवले ते नेमके तिथेच. डिसेंबर लागला तसा तो खाईनासा झाला. डोळे मिटून बसायचा आणि नाकातून बुडबुडे यायचे.

"तात्या, त्याला गार लागतंय. दक्षिणेला उन्हात ठेवू या ना," श्रेया म्हणाली.

"दक्षिणेला? येडी का खुळी तू? कासव उत्तरेलाच पाहिजे," तात्यासाहेब म्हणाले. "आन् त्याच्या पाठीवर येवढी ढाल हाय. त्याला कशाची थंडी?"

ढाल म्हणे! ती ढाल थंड पडली की आतला जीवही थंड पडतो. मी पत्र्याचा आहे. हे मला कोणी शिकवायला नको.

शिवराज मध्ये पडला नाही. वडिलांपुढे त्याच्या तोंडाला कुलूप असे. शेवटी मोनिकाच म्हणाली, "उत्तरेलाच राहू द्या. पण उबेची सोय मी करणार." मायलेकी गच्चीवर आल्या, माझ्या अंगावरचा फ्लेक्स ओढला आणि मला धरून जिन्यावरून खाली आणले. मोनिकाने पंखा आणि पंप काढले. सडलेले गवत उपसले. जाळ्यांच्या जागी प्लायवूड ठोकले, एका बाजूला दाराएवढी फट ठेवून तिला पोत्याचा पडदा लावला. टाकीच्या तळाशी वाळलेला कडबा पसरला. दगडूला चढता-उतरता यावे म्हणून आत-बाहेर विटा रचून उतार केला.

बल्बचा मात्र घोळ झाला. पहिल्यांदा त्यांनी घरातला पांढरा एलईडी लावला. उजेड लख्ख, पण ऊब शून्य. दगडू उजेडाकडे पाठ करून तसाच कुडकुडत बसला. जुना पिवळा बल्ब हवा होता, आणि तो आता दुकानात कोणी ठेवत नाही. मोनिका चार बाजार फिरली. शेवटी कोंबडीची अंडी उबवणाऱ्या एका बाईकडे तो मिळाला. दगडूला उजेडाचा त्रास नको आणि तापल्या काचेला कडबाही लागायला नको, म्हणून त्यांनी कडबा बाजूला सारून तो बल्ब मातीच्या पालथ्या कुंडीत ठेवला. कुंडी तापली आणि माझे पोट उबदार झाले.

मित्रांनो, आयुष्यभर मी लोकांना गारवा दिला. ऊब देणे कसे असते, ते मला त्या हिवाळ्यात कळले. दुसऱ्याच दिवशी दगडू कुंडीजवळ सरकला. मग नाकातले बुडबुडे थांबले. एका सकाळी त्याने मान बाहेर काढून दुधीची फोड कराकरा खाल्ली, तेव्हा श्रेयाने अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. माझ्यापुढे सगळे घर झोपायचे, तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

पण तात्यासाहेबांचे मन शांत नव्हते. घरात बरकतीचे जिवंत कासव आहे, असे त्यांनी लोकांना सांगून ठेवले होते. बायका येत, पोत्याचा पडदा वर करत, दगडूच्या पाठीवर हळद-कुंकू टाकत आणि नवस बोलत. त्याला कोणी विचारले होते का? एके दिवशी शेजारच्या चतुराबाई आल्या. आत वाकून बघत म्हणाल्या, "अवं तात्यासाहेब, कासव आन् कोरडं? पाण्याबिगर कासव ठिवू नये. बरकत आटून जाती."

"व्हय का?" तात्यासाहेबांचा चेहरा उतरला.

"मग! देवघरातलं कासव बगा की. ताटलीत पाणी आसतं का नाय?"

देवघरातले कासव पितळेचे असते, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही. दगडू रानातला, कोरड्या बांधावर हिंडणारा. त्याला पोहता येत नाही. पण ज्याला ठेवायचे त्याच्याकडे एकदा नीट बघावे, एवढी फुरसत कोणाला होती?

जानेवारीतल्या एका ढगाळ सकाळी नळ आला. आमच्या भागात नळ येणे म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून ड्रम, हंडे, पातेली, अगदी तांबेसुद्धा भरून घेतात. सगळे भरून झाले तरी नळ चालूच होता. श्रेया शाळेत, शिवराज कंपनीत आणि मोनिका आत मशीनवर. तात्यासाहेब नळी ओढत बोळीत आले.

त्यांनी पडदा बाजूला केला. बल्ब बंद केला आणि कुंडीसकट बाहेर काढून ठेवला. पाण्यात करंट उतरू नये, एवढे त्यांना बरोबर कळत होते! चढायच्या विटाही त्यांनी काढल्या. मग हात जोडून म्हणाले, "देवा, माझा शिवराज इथंच राहू दे." आणि नळी माझ्या पोटात सोडली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या पाण्यासाठी गल्लीत भांडणे होतात, ते पाणी त्या मुक्या जीवावर ओतले जात होते. दगडूने पाय मारले. नखे माझ्या पत्र्यावर घासली, घसरली. पाणी त्याच्या पाठीवर चढले. मान ताणून त्याने नाक कसेबसे वर ठेवले. तात्यासाहेबांनी समाधानाने नळी काढली, पडदा सोडला आणि पारावर गप्पा मारायला निघून गेले. त्यांना वाटले, देवाची सेवा झाली. त्यांच्या पाठीकडे बघत मी मनातल्या मनात जे बोललो, ते तुम्हा मुलांना सांगण्यासारखे नाही.

आणि मी काय करत होतो? मी पाणी धरून बसलो होतो. थेंबही न सांडता. जी आयुष्यभर मिरवली, त्याच इज्जतीने दगडूचा जीव घ्यायला घेतला होता. फुटावे, चिरावे, भुगा व्हावा, असे मला वाटले. पण वस्तूला वाटून काय उपयोग?

दगडूची मान खाली येऊ लागली. तेवढ्यात तळाशी काहीतरी सुटले. कुंडी जिथे तापायची, तिच्याच बरोबर खाली ते डांबराचे जुने ठिगळ होते. महिनाभर उष्णता खाऊन ते मऊ पडले होते, कडेने सुटले होते. पाण्याच्या वजनाने ते उचकटले आणि मी गळू लागलो. मी गळलो, मित्रांनो, आणि जन्मात पहिल्यांदा मला गळण्याची लाज वाटली नाही.

पाणी बोळीतून फाटकाखाली आणि फाटकाखालून रस्त्यावर गेले. इथे रस्त्यावर पाणी वाहताना दिसले की कोणी गप्प बसत नाही. पहिली आरोळी ठोकली ती चतुराबाईंनीच.

"ए मोनिका! आगं, पाणी चाललंय की वाया! नळ बंद कर!"

मोनिका धावत बाहेर आली. नळ बंद होता. पाण्याचा माग काढत ती माझ्यापर्यंत पोचली आणि तिने पडदा फाडलाच. टाकीत वीतभर पाणी उरले होते. त्यात दगडू चारही पाय सोडून पडला होता. तिने त्याला उचलले, डोके खाली धरले, तसे नाकातोंडातून पाणी आले. पदराने पुसून, छातीशी धरून तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. कोरडे करा, हळूहळू ऊब द्या, ताबडतोब घेऊन या, असे ते म्हणाले.

गलका ऐकून तात्यासाहेब आले. "काय झालं? बरकतीचं पाणी कोणी सांडलं?"

लग्न होऊन आल्यापासून मोनिकाने सासऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी भर गल्लीत चढवला.

"बरकत? मरायला टेकलाय तो! तुमचा मुलगा पुण्याला जाऊ नये म्हणून तुम्ही जीव टाकता ना, तात्या? मग याला कोणाच्या घरातून उचलून आणलंत? तो बांध त्याचं घर नव्हतं का?"

तात्यासाहेबांनी बाहेर काढलेला बल्ब उचलून मोनिकापुढे धरला. चतुराबाई हळूच आत सटकल्या. मी मात्र तिथेच होतो, आणि मला मोनिकाला शाबासकी द्यायला हात हवे होते.

दगडू वाचला. पण पुष्कळ दिवस लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हे रानातले कासव आहे, घरात ठेवायला कायद्याने मनाई आहे, आणि त्यांनीच वनखात्याला कळवले. दगडू जाताना श्रेया खूप रडली. मी रडलो नाही. तो माझ्या पोटातून सुटला, हेच मला पुष्कळ होते. थंडी सरल्यावर त्याला पिशोरलाच सोडले. कुठून उचलला, तो बांध दाखवायला तात्यासाहेब स्वतः गेले होते. 

शिवराजची बदली झाली नाही. कंपनीने ती कोणाचीच केली नाही. आता तात्यासाहेब सांगतात की कासव सोडल्याचे पुण्य लागले. म्हणा बापडे! माझा राग त्यावरही आहे. पण परवा चतुराबाई येऊन म्हणाल्या, "गावाकडून मला बी एक जितं कासव आणा की." तेव्हा तात्यासाहेब उठले, देवघरातले पितळी कासव आणून त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "हे ठिवा. याला पाणी घाला, हळद घाला, काय पायजे ते करा. याला मरण नाय." त्या दिवशी माझा राग थोडा उतरला. थोडाच.

आता पुन्हा उन्हाळा आला आहे. एसी बिघडला, तशी माझी आठवण झाली. पंखा बसवला, नवे गवत भरले, भोकावर नवे डांबर लावले. काल तात्यासाहेब नळी घेऊन माझ्यापाशी आले आणि नळी सोडण्याआधी गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, आत बघत राहिले. आत कोणी नव्हते. तरी ते बघत राहिले. मित्रांनो, तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. माया करा, सेवा करा, देव माना. पण पाणी ओतण्याआधी आत कोण आहे, ते एकदा वाकून बघा.