फ्लॉईडचा कॉम्प्युटर कोण उठवतं

आपला नवरा चोर आहे, हे मार्था टीचरला नाताळानंतर कळलं. चोरी पैशाअडक्याची नव्हती. ॲन्सेल्म तिचा मुलगा चोरत होता. तिच्याच घरात, तिच्याच पाठीमागे. आणि वर साळसूद चेहऱ्याने विचारत होता, आज वाल करतेस की वांगी?

फ्लॉईड त्यांचा एकुलता एक. कॅनडाला गेला तेव्हा आपला कॉम्प्युटर आपल्याच खोलीत, आपल्याच अभ्यासाच्या टेबलावर ठेवून गेला. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की त्यावर त्याचा फोन यायचा, मोठ्या पडद्यावर. जायच्या आधी त्याने दोघांना समोर बसवून शिकवलं होतं. हा बंद करायचा नाही, झोपवायचा. बंद केलेला कॉम्प्युटर उठायला वेळ लावतो, आणि तेवढा धीर पपांना नाही. झोपवला की पडदा काळा होतो, पंखा गप्प बसतो, कॉम्प्युटरच्या डब्यावरचा दिवा सावकाश उघडमीट करायला लागतो. पण आतल्या मेमरीला थोडी वीज चालूच असते, म्हणून आपण कुठे होतो ते त्याच्या लक्षात राहतं. माऊसला हात लागला की लगेच जागा, दिवा स्थिर. आणि अर्धा तास कोणी हात लावला नाही, की आपला आपण पुन्हा झोपतो.

हे शेवटचं मार्थाने नीट लक्षात ठेवलं. सांडोर गावातल्या निम्म्या पोरांना तिने त्रैराशिक शिकवलं होतं, तिला हिशेब सांगायची गरज नव्हती. कॉम्प्युटर जागा दिसला, तर गेल्या अर्ध्या तासात त्याला कोणीतरी हात लावला. घरात माणसं दोन. आपण बाजारात होतो. मग उरलं कोण?

पहिल्यांदा तिने ते पाहिलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. बाजारातून येऊन ती फ्लॉईडच्या खोलीत पिशवी ठेवायला गेली, तर दिवा स्थिर. डब्यावर हात ठेवला, तर कोमट. तिने स्वतः झोपवून ठेवलेलं मशीन. दुसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. कधी दिवा उघडमीट करत असे, पण डबा कोमट असेच, म्हणजे नुकताच झोपलेला. ॲन्सेल्म मागे वाडीत, केळीच्या बुंध्याशी, पायाला चिखल, जणू त्या गावचाच नाही.

एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, फ्लॉईडचा फोन आला होता का? तो म्हणाला, नाही, आज कुठला रविवार? आणि तिच्याकडे असा काही रोखून पाहत राहिला, की जणू तिनेच काही केलंय. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

मार्थाच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण हा पोरगा तिचा होता. म्हणजे दोघांचा होताच, पण बोलायला तिचा. शाळेतून आला की दप्तर टाकून ओट्याशी उभा राहायचा आणि ती मासळी साफ करत असताना सगळं सांगायचा. कोणी मारलं, कोण आवडतं, कुठल्या विषयात गचकणार. कॉलेजात गेला तरी तेच. बापाला काही कळायचं ते मार्थाकडून, तेही तिला वाटलं तर. आणि आता? रविवारी पडद्यावर येऊन तो पाव्हण्यासारखा बसायचा. सगळे बरे? बरे. थंडी आहे? आहे. अर्धं इंग्रजी, अर्धं वर्तमानपत्री मराठी, घरच्या बोलीतला एक शब्द नाही. चल ममा, काम आहे.

म्हणजे बोलायचं ते सगळं बापाशी होत असणार. घरच्या बोलीत, हसत, सविस्तर. आणि रविवारी आईसाठी उरलासुरला गाळ.

शेजारच्या फ्लॉसीने तर आगीत तेलच ओतलं. तिचा युजीन दुबईला, आणि त्याचा रोज फोन. आज ऑफिसात काय झालं, डब्यात काय होतं, बायको काय म्हणाली, सगळा पाढा. फ्लॉसी हे गावभर सांगत फिरायची, तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. मार्था ऐकून घ्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. तिने फ्लॉसीला आडून विचारलं, की पुरुषमाणसं मुलांशी काय बोलत असतील गं? फ्लॉसी म्हणाली, पुरुषांचं काय सांगावं, पोटात एक नि ओठात एक. झालं, मार्थाला तेवढं पुरलं.

मग तिने पाळत सुरू केली. पडद्यावर ती विणलेलं पांढरं झाकण घालायची, त्याची डावी कड मुद्दाम थोडी दुमडून ठेवायची. परत येऊन पाहावं तर कड जशीच्या तशी दुमडलेली आणि डबा कोमट. काय पण डोकं चालवतो, तिला वाटलं. आता, ज्या माणसाने लग्नानंतर एकदाही टॉवेलची घडी घातली नाही, तो झाकणाची कड बरोब्बर तशीच दुमडून ठेवेल का, हा प्रश्न कोणालाही पडला असता. मार्थाला नाही पडला. फोनच्या यादीत फक्त रविवारचेच फोन दिसले, तेव्हाही तिला शंका आली नाही. पुसून टाकत असेल, तिने ठरवलं. माणूस जळायला लागला की त्याला पुरावा नसला तरी चालतो, आणि उलटा पुरावा असला तर जास्तच चालतो.

आणि मग तिने तो प्रसंग पाहिला. ती देवळातून जरा लवकर परतली होती. खोलीच्या दाराच्या फटीतून तिला ॲन्सेल्म दिसला. कॉम्प्युटरशेजारी उभा, आणि हात त्या डब्यावर ठेवलेला. अलगद, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. नुकताच फोन ठेवला असणार आणि बापाला पोराचा हात सोडवत नसणार. मार्था पावलं न वाजवता स्वयंपाकघरात गेली आणि रडली. तिने त्या दिवशी वालात मीठ घातलं नाही, मुद्दामच. तो निमूट जेवला. म्हणजे गुन्हा कबूल.

हे पाण्याची मोटार बसवल्यापासून सुरू झालंय, हे मात्र तिच्या कधी ध्यानात आलं नाही. वाडीमागच्या बावखलातलं, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यातलं, पाणी केळीला द्यायची जुनी मोटार पावसाळ्यात बंद पडली. नवीन मोटार ॲन्सेल्मने नाताळाच्या सुट्टीत घराच्या मागच्या भिंतीला लागूनच सिमेंटच्या ओट्यावर बसवून घेतली, म्हणजे चोरीला जायला नको. भिंतीच्या अलीकडे फ्लॉईडचं टेबल.

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात तिने ठरवलं, की आता रंगेहाथ पकडायचं. उपासात असलं काही करू नये हे तिला कळत होतं. पण देवाला तिची बाजू कळेल, असंही तिला वाटत होतं. सकाळी तिने पिशवी घेतली, वाडीच्या दिशेने ओरडून सांगितलं की बाजारात जाते, पुढचं दार मोठ्याने लावलं आणि आतल्या बाजूनेच फ्लॉईडच्या खोलीत जाऊन कपाटाआड पलंगावर बसली. कॉम्प्युटर झोपला होता. दिवा सावकाश लागत होता, विझत होता.

बराच वेळ काही झालं नाही. तिला स्वतःची लाज वाटायला लागली होती, तेवढ्यात मागे मोटारीचा खटका पडला. भिंतीतून धडधड आली, टेबलावरची काच थरथरली, आणि काचेवरचा माऊस एखादा मुंगळा सरकावा तसा बोटभर सरकला. त्याच्या पोटाखाली लाल दिवा लागला. पंखा घरघरला. डब्यावरचा दिवा स्थिर झाला आणि पांढऱ्या झाकणाच्या भोकाभोकांतून पडद्याचा उजेड बाहेर आला.

खोलीत कोणी नव्हतं.

मार्था तिथेच बसून राहिली. आधी तिला हसू आलं. मग तिला हिशेब कळला. कोणी फोन करत नव्हतं. तिच्या पाठीमागे या खोलीत काहीच होत नव्हतं. एवढे दिवस जी भरलेली थाळी नवरा एकटा खातोय म्हणून ती जळत होती, ती थाळीच नव्हती.

ती उठणार, एवढ्यात मोटार बंद झाली आणि मागच्या दारात पाय पुसल्याचा आवाज आला. ॲन्सेल्म सरळ या खोलीतच आला. ती कपाटाआड दबून राहिली, कारण मन इतक्या लवकर कुठे सुधारतं? तिला अजून थोडी आशा होती, की आता तरी तो फोन लावेल. त्याने फोन लावला नाही. त्याने डब्यावर हात ठेवला, ऊब पाहिली, आणि त्याचा चेहरा पडला.

"आज पण बोलून गेली," तो स्वतःशीच म्हणाला.

मार्थाला क्षणभर कळलंच नाही की हे कोणाबद्दल आहे. मग कळलं. ती कपाटाआडून बाहेर आली, तसा तो दोन पावलं मागे सरला.

तिने त्याला सगळं सांगितलं. मोटार, भिंत, काच, माऊस. त्याला पटेना, तेव्हा तिने कॉम्प्युटर झोपवला, त्याला मोटार पुन्हा लावायला सांगितलं, खिडकीतून पाहायला लावलं. तो पाहून आत आला आणि पलंगावर बसला. त्याला वाटत होतं, की तो वाडीत वळला की मार्था फोन लावते, पोटभर बोलते, आणि मगच बाजारात जाते. तिने फोन आला होता का असं विचारलं, तेव्हा ती आपल्याला चाचपून बघतेय असं त्याला वाटलं होतं. जन्मभर पोराची बातमी त्याला तिच्या तोंडून मिळाली, आता तेवढीही ती देत नाही, म्हणून तो आतल्या आत धुमसत होता. बिनमिठाचे वाल त्याने खाल्ले ते चव कळली नाही म्हणून.

"म्हणजे तो तुझ्याशी पण बोलत नाही," ॲन्सेल्म म्हणाला.

मार्थाने मान हलवली.

मग ती म्हणाली, लावा त्याला. रविवार नव्हता, तिकडे रात्र झालेली असणार, पण ॲन्सेल्मने वाद घातला नाही. तिने झाकण काढलं, दोघांनी मिळून फोन लावला. फ्लॉईडने पहिल्याच घंटीला उचलला. मागे अंधार, चेहरा घाबरलेला.

"कोण आजारी आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

ॲन्सेल्मने मार्थाकडे पाहिलं, मार्थाने ॲन्सेल्मकडे. शेवटी तीच बोलली, आणि घरच्या बोलीत बोलली. तू माझ्या पाठीमागे पपांशी बोलतोस, असं समजून मी किती दिवस जळत होते, ती म्हणाली. ते माझ्यावर जळत होते. आणि तुझा हा कॉम्प्युटर नुसता मोटारीने उठत होता.

फ्लॉईड हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"मग तू बोलतोस तरी कोणाशी?" तिने विचारलं.

त्याने एकदा बाजूला पाहिलं, जणू खोलीत आणखी कोणी ऐकत असेल. मग घरच्याच बोलीत, अडखळत, म्हणाला, "कोणाशीच नाही, ममा."

तो कामावर जातो, खोलीवर येतो, एवढंच, त्याने सांगितलं. परवा सुट्टीच्या अख्ख्या दिवसात तो दुकानातल्या बाईला थँक्यू म्हणाला, तेवढाच त्याच्या तोंडून शब्द निघाला. रविवारी तुम्ही दोघं एवढे नटूनथटून समोर बसता, मग तुम्हाला हे कसं सांगायचं?

आत्तापर्यंत ती जे खोटं ठरो म्हणून देवाला विनवत होती, तेच खरं असतं तर किती बरं झालं असतं. रोज चोरून, तिच्या पाठीमागे, तिला एक अक्षर न सांगता, तो निदान बापाशी तरी बोलत असता. तिने डोळे पुसले, खुर्चीवरून उठली, आणि ॲन्सेल्मला दंडाला धरून पडद्यासमोर बसवलं.

"तुम्ही बोला आधी," ती म्हणाली. "मी बाहेर थांबते."