दीड इंचाचा पाट

मित्रांनो, पाट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जेवणाची पंगत येत असेल. मी त्यातला नाही. मी सागवानाचा, दीड इंच जाडीचा, आता चांगलाच थकलेला पाट आहे आणि माझ्यावर आजवर कोणी मांडी घालून बसलेलं नाही. माझ्यावर एकच माणूस उभा राहिला, तोही न हलता. न हलणाऱ्या माणसाचं ओझं फार जड असतं. आधी मी ट्रकच्या तळाची फळी होतो, म्हणून मला त्यातला फरक कळतो. पोती येतात, उतरतात, रस्त्यावर हिसके बसतात, त्यात निदान करमणूक तरी असते.

तो ट्रक नागपूरजवळच्या वाडी गावात एका गोदामामागे मोडीत निघाला आणि सुमंत मिस्त्रींनी त्याच्या फळ्या उचलून आणल्या. एके दिवशी सुभेदार शालिकराम त्यांच्या दुकानात आले. नागपुरातल्या एका शहीद स्मारकावर लष्कराचा मानाचा पहारा असतो, त्याचे ते प्रमुख. त्यांनी हातानेच माप दाखवलं.

"दीड इंच म्हणजे दीड इंच पाहिजे. रेघभर जास्त नको. समजलं का गा?"

"बसायले पाहिजे का, साहेब?" मिस्त्रींनी विचारलं.

"उभं राहायले," सुभेदार म्हणाले.

त्याचं कारण मला स्मारकावर गेल्यावर कळलं. तिथे काळ्या दगडावर शहिदांची नावं कोरलेली आहेत आणि दगडाच्या दोन बाजूंना दोन जवान उभे असतात. रिवाज असा की दोघांची उंची सारखी दिसली पाहिजे. डावीकडचा सुशील पाच फूट दहा इंच. उजवीकडे ज्याला उभं राहायचं होतं तो कोराडीचा धम्मानंद, पाच फूट साडेआठ. हिशेब तुम्हीच करा.

मग धम्मानंदच का, उंच जवानांचा काय तुटवडा होता? तुटवडा मुळीच नव्हता, पण उजव्या बाजूला वरून चौथं नाव पियूषचं होतं. पियूष बुटीबोरीचा. दोघे एकाच दिवशी भरती झाले, एकाच बराकीत राहिले, एकाच चौकीवर गेले. परत एकटा धम्मानंद आला. पेन्शनीला दोन वर्षं उरली तेव्हा त्याने सुभेदारांकडे एवढंच मागितलं की मला त्या नावाशेजारी उभं राहू द्या. सुभेदार नियमाचे पक्के, पण माणूस म्हणून मऊ. त्यांनी मला दगडाच्या फरशीसारखा करडा रंग दिला आणि उजव्या बाजूला ठेवून दिलं. लांबून पाहणाऱ्याला मी दिसतच नसे.

तेव्हापासून माझी खरी नोकरी सुरू झाली. एकेक तासाची पाळी. लोक समजतात की पहारेकरी पुतळ्यासारखा स्तब्ध असतो. तसं काही नसतं. रक्त पायात साचून चक्कर येऊ नये म्हणून तो बुटाच्या आत पायाची बोटं हलवत असतो. बाहेरून दिसत नाही, मला मात्र कळायचं. मे महिन्यात नागपूरचं ऊन कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगू! बोटं हलायची थांबली की माझाच जीव वर-खाली व्हायचा. मग एकदम अंगठा हलायचा आणि मी सुटकेचा निःश्वास टाकायचो.

लोक येत. कोणी हात जोडत, कोणी त्याच्या नाकासमोर मोबाइल धरून वेडीवाकडी तोंडं करत. "अरे, हा खरा आहे का?" असं म्हणून एका गृहस्थांनी तर त्याच्या बाहीला बोट लावून पाहिलं. धम्मानंद हलला नाही. माझं कौतुक कोणी केलं नाही, आणि कोणी करायचं म्हटलं असतं तर आमचं सगळंच बिंग फुटलं असतं.

ते फुटायचं होतंच.

स्मृतिदिन जवळ आला. मोठे पाहुणे यायचे म्हटल्यावर आमच्याकडे एकच गोष्ट होते, ती म्हणजे रंगरंगोटी. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, साखळ्यांना काळा रंग, कुंड्यांना लाल. जे जागचं हलत नाही त्या कशाचीही सुटका नाही. आदल्या संध्याकाळी सुशीलला माझ्यावरचे ओरखडे दिसले. उद्या आपल्या जोडीदाराचा पाट वाईट दिसायला नको, म्हणून त्या भल्या पोराने माझ्यावर ऑइलपेंटचा जाड हात मारला, आणि तो सुकायच्या आत दुसरा. सकाळी मी वरून सुकलेला दिसत होतो. आतून कच्चाच होतो. ओरडून सांगण्याची सोय असती तर मी ओरडलो असतो.

धम्मानंद माझ्यावर चढला. ऊन वाढलं तसा माझा रंग मऊ पडत गेला आणि त्याचे नाल ठोकलेले बूट माझ्यात रुतत गेले. समोर शहिदांचे नातेवाईक बसले होते. पहिल्या रांगेत बायजाबाई, पियूषची आई. पुष्पचक्र वाहून झालं, सलामी झाली, पाळी बदलायची वेळ आली. हुकूम सुटला, "दाहिने मुड़!"

धम्मानंदने पाय उचलला आणि त्याच्याबरोबर मीही एका बाजूने उचललो गेलो. वीतभर वर गेलो आणि खाडकन फरशीवर आदळलो. तो डगमगला, पण पडला नाही. बंदूकही सुटली नाही. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पाहुणे गेल्यावर मेजरसाहेब आले. त्यांनी मला बुटाच्या टोकाने सरकवलं.

"हे काय आहे?"

"साहेब, पाट आहे," सुभेदार म्हणाले. "चूक माही आहे."

"रंग मी लावला, साहेब," सुशील मध्येच बोलला. त्याचे डोळे भरले होते.

साहेबांनी टेप मागवून तिथल्या तिथे धम्मानंदची उंची मोजली. पाच फूट साडेआठ. ते रागावले नाहीत, पण नियम तो नियम. "उद्यापासून इथे दुसरा जवान लावा," ते म्हणाले. धम्मानंदने "जी साहेब" म्हटलं. वर्षभर त्याची बोटं ओळखणारा मी, मला नुसत्या बुटांवरून कळलं. त्या वेळी त्याची दहाही बोटं आत वळून घट्ट आवळली होती.

बायजाबाई अजून गेल्या नव्हत्या. त्या काठी टेकत जवळ आल्या.

"काहून जी, साहेब? काय चुकलं याचं?"

"आई, त्याचं काही चुकलं नाही. पण दोघांची उंची सारखी लागते. हा कमी पडतो."

"किती कमी?"

"दीड इंच."

बाईंनी धम्मानंदकडे पाहिलं, मग दगडावरच्या चौथ्या नावाकडे.

"माहा पियूष याच्याहून बोटभर बुटकाच होता, साहेब. त्याले त्या चौकीवर धाडताना नाही कोणी टेप लावला."

साहेबांच्या हातातला टेप तसाच लोंबत राहिला. मग त्यांनी तो गुंडाळून खिशात टाकला.

"सुभेदारसाहेब, जोडी सारखी दिसली पाहिजे, हो ना? मग याला उंच कशाला करता? याच्याएवढा दुसरा शोधा."

आठ दिवसांत तसा जवान मिळाला. सुशीलला झेंड्याच्या पहाऱ्यावर पाठवलं. आणि मला सामानाच्या खोलीत, कारण आता कोणाला उंच दिसायची गरज उरली नव्हती. माझ्या पाठीवर रंगाचे डबे ठेवले आहेत, तेच ते! धम्मानंदच्या बुटांचे दोन ठसे अजून माझ्या अंगावर आहेत. पुसायला कोणाला वेळ नाही, आणि नाही तेच बरं. मी दमलो आहे, मित्रांनो. पण वाईट वाटतं असं म्हणणार नाही. माझ्यावाचून तो तिथे उभा आहे, त्याच्या खऱ्या उंचीचा.

दार उघडं असलं की मला तेवढं दिसतं. बायजाबाई दर रविवारी बुटीबोरीच्या बसने येतात. तो पहाऱ्यावर असताना बोलत नाही, मान वळवत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्या समोर फरशीवर बसतात आणि त्याची पाळी संपेपर्यंत उठत नाहीत.

तुम्हीही कधीतरी तिथे जाल. फोटो काढाल आणि पुढच्या ठिकाणी पळाल. कृपा करून तसं करू नका. बायजाबाई भर उन्हात तासभर थांबतात. तुम्ही पाच मिनिटं तरी थांबा.