मैदानाच्या आत

निंबाने घसा खाकरला, माइक तोंडापासून थोडा लांब धरला आणि समोरच्या मैदानाकडे बोट केलं.

"इथं नुसत्या बाभळी होत्या," तो म्हणाला. "आम्ही पोरांनी तोडल्या. पायात काटे मोडले, पण कबड्डीपुरती जागा केलीच."

बहादरपूरच्या मैदानाला नवं कुंपण झालं होतं. त्या कार्यक्रमात जुन्या आठवणी सांगायला गावातला सगळ्यांत जुना खेळाडू म्हणून निंबाला बोलावलं होतं. बायकांमध्ये त्याची बायको रंभाबाई बसली होती. धूलकोटच्या गड्यांना हरवलेला सामना, वादळाने केळी आडवी केली त्या वर्षीही न मोडलेला संध्याकाळचा खेळ, मग एकेक करून सुरतेला निघून गेलेले सोबती. निंबा सांगत राहिला. त्याच्या जोडीने खेळणाऱ्या दगाचंही नाव त्याने घेतलं. दगा मागच्याच वर्षी वारला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंडप रिकामा झाल्यावर त्याने बायकोला विचारलं,

"काही राहिलं का सांगायचं?"

"नाही. बरं बोलले तुम्ही."

"मग गप का अशी?"

रंभाबाई मैदानाकडे बघत होती. आत शाळेच्या मुली कबड्डी खेळत होत्या.

"लग्न होऊन आली तेव्हापासून वावरात जायची वाट याच्या कडेनंच," ती म्हणाली. "तुम्ही सगळे खेळत असायचे. मी पदर ओढून, खाली बघत निघून जायची. आत कधी पाय नाही ठेवला."

"कोणी अडवलं होतं का तुला?"

"अडवायला कशाला लागतं?"

निंबाने कुंपणाचं फाटक ढकललं. "चल," तो म्हणाला.

फक्कीने आखलेल्या रेषेपाशी तिने चपला काढल्या आणि ती आत गेली. माती अजून उन्हाने कोमट होती. निंबा मागून सांगत होता, दगाने पकड कुठे केली, कोण कुठे पडलं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आजी, एक चढाई हो जाए?" मुलींमधली हिमानी हसत ओरडली.

निंबाही हसला. रंभाबाईने पदर कमरेला घट्ट खोचला.

"तुम्ही व्हा पुढे घरी," मागे न बघता ती म्हणाली. "मला वेळ लागेल."

तो गेला नाही. मुलींच्या पायांखाली येतील म्हणून त्याने तिच्या चपला उचलल्या आणि कडेला जाऊन बसला.