बावीस उंदीर

उंदीरमावशींनी हात हलवून नको म्हटलं, पण चौकशी समितीच्या अध्यक्षबाईंनी स्वतः उठून खुर्ची पुढे ओढली, तेव्हा त्या टेकल्या, अगदी काठावर.

"सरांच्या प्रयोगात उंदीर किती होते?" बाईंनी विचारलं.

मावशी बारा वर्षं प्रयोगशाळेतल्या उंदरांचे पिंजरे धूत होत्या, म्हणून सगळ्या विभागात त्यांचं हे नाव. सरांनी छापलेल्या शोधनिबंधात साठ उंदरांचे आकडे होते. तेवढे उंदीर नव्हतेच, अशी तक्रार त्यांच्याच विद्यार्थिनीने केली, आणि तेव्हापासून त्या पोरीशी कुणी धड बोलत नव्हतं. ती खरं बोलतेय हे मावशींनाही कळत होतं. पण नवरा गेला तेव्हा सरांनीच चार ठिकाणी शब्द टाकून ही नोकरी मिळवून दिली होती.

त्यांनी हात मांडीखाली दाबले.

"बावीस. त्यातले तीन थंडीत मेले."

"नक्की?"

"बाई, दाणापाणी मीच करते. साठ असते तर माझी कंबर कधीच गेली असती."

समितीतलं कुणीतरी हसलं. बाईंनी न हसता लिहून घेतलं.

मावशी बाहेर आल्या, तर व्हरांड्यातल्या बाकावर सर बसलेले. मागच्या मागे वळावं असं वाटलं, पण सरांनी त्यांना पाहिलं होतं.

"सर, तुमचं मीठ खाल्लंय मी," त्या म्हणाल्या.

"किती सांगितलेत?"

"बावीस."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल पडले.

"तुमचं नाव समितीला मीच दिलं, मावशी. माझ्या तोंडून खरं निघत नव्हतं. तुम्ही खोटं बोलणार नाही, एवढं ठाऊक होतं. उपकार झाले तुमचे."

बारा वर्षं हेच वाक्य मावशी सरांसाठी मनात घोळवत आल्या होत्या.

आतून सरांना हाक आली. ते उठले.

"त्या पोरीला आता त्रास नाही ना होणार?" मावशींनी विचारलं.

"तिचं खरं होतं, तेच सांगायला चाललोय."

दार लागलं. सरांची बॅग बाकावरच राहिली होती. मावशींनी ती मांडीवर घेतली आणि सर बाहेर येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.